वाहेद मिस्त्रीची जीभ

संग्रामपूरच्या खालच्या अंगाला, पूर्णेकडं उतरत गेलेल्या काळ्या रानात आवळखेड नावाचं एक गाव होतं. त्या भागात सोयरीक जुळवायला गेलेली माणसं आधी जमीन विचारत नसत. पाणी कुठून आणता, हे विचारत. कारण जमिनीखाली पाणी म्हणाल तर भरपूर, पण खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही आणि वाटसरूला प्यायला दिलं तर तो दुवा देण्याऐवजी तुमच्या तोंडाकडं पाहतो. देवानं या मुलखाला कापूस दिला आणि पाणी मात्र मीठ घालून दिलं, असं म्हातारे म्हणत.

अशा मुलखात वाहेद मिस्त्रीच्या जिभेला मान होता. वाहेद विहिरी खोदून बांधायचा. बाप तेच करायचा, आजाही तेच. या मऊ मातीत विहीर खोदणं म्हणजे नुसती कुदळ मारणं नव्हे. माती कधी आत येईल सांगता येत नाही, म्हणून खोदत जायचं आणि विटांचं बांधकाम खाली उतरवत जायचं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे थांबायचं कुठं हे कळणं. वरच्या थरात पावसाचं, नाल्याचं मुरलेलं गोडं पाणी साचलेलं असतं. त्याच्याखाली चिकण मातीचा एक पट्टा, आणि पट्ट्याखाली खारं. गोडं लागलं की हात आवरायचा. तो चिकणीचा पट्टा फोडला की संपलं.

पाणी लागण्याच्या दिवशी वाहेद सकाळपासून तोंडात काही घालत नसे. कांदा नाही, मिरची नाही, विडी नाही. पहिला घोट खोदणाऱ्याचा, अशी त्या भागाची रीत होती. तो ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचा, आणि लोक श्वास धरून उभे राहायचे. मग तो म्हणायचा, "बस, थांबा." एवढं म्हटलं की गूळ वाटला जाई.

दुसरीही एक रीत होती, ती वाईट होती. ज्याच्या हातची विहीर खारी निघाली, त्याला पुन्हा कुणी विहिरीवर बोलवत नसे. त्याचा हात फिरला म्हणत.

वाहेदला लिहितावाचता येत नव्हतं. प्रत्येक विहिरीची त्याची एक सुतळी असायची. विहिरीत सोडून खोली मोजायची तीच. माती बदलली तिथं तो साधी गाठ मारी आणि गोडं पाणी लागलं तिथं दुहेरी. विहीर पुरी झाली की सुतळी गुंडाळून घराच्या आढ्याला टांगायची. त्याची बायको सरवरी हसायची. बाहेर गावाशी तो वऱ्हाडी बोलायचा, पण घरात दोघांची आपली मुसलमानी बोली. "लोगां घर में कपडे सुखाते, तुम कुएँ सुखाते," असं ती म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. आढ्याला सत्तेचाळीस विहिरी लटकत होत्या, त्यांतल्या सेहेचाळीसांचं पाणी गोडं होतं. सत्तेचाळिसाव्या विहिरीची ही गोष्ट आहे.

एकोणीसशे एकवीस साली पाऊस बुडाला आणि सरकारनं गावोगाव विहिरी काढायचं मनावर घेतलं. आवळखेडलाही एक मंजूर झाली. काम वाहेदकडंच आलं. विहीर सरकारी, तेव्हा कागदही सरकारी. त्या कागदावर लिहिलेलं होतं की विहिरीची खोली चाळीस हात पाहिजे. हा आकडा कुठून आला? तर घाटावरून. चिखली-अमडापूरकडं खडकात विहीर चाळीस हात नेल्याशिवाय उन्हाळा काढत नाही, हे खरं आहे. तिकडं कुणी शहाण्या माणसानं ते पाहून लिहिलं असेल. पण जिल्हा एक, म्हणून नियम एक. घाटावरचा खडक आणि घाटाखालची माती यांतला फरक कागदाला कोण सांगणार? ज्याला ठाऊक होतं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सव्वीस हातांवर पाणी लागलं. वाहेदनं घोट घेतला. इतकं गोडं पाणी त्यानं जन्मात चाखलं नव्हतं. तो वर आला, तेव्हा काठावर देखरेखीवरचा ओव्हरसियर एकटाच उभा होता, गावकरी जेवायला गेले होते.

"साहेब, इथंच थांबा लागते," वाहेद म्हणाला. "खाली खारं हाये."

"टेपात सव्वीस भरले," ओव्हरसियर म्हणाला. "चौदा बाकी आहेत."

वाहेदनं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओव्हरसियर चिडला नाही, उलट मवाळपणे म्हणाला, "हे बघ मिस्त्री, चाळीस झाल्याशिवाय मला विहीर पुरी म्हणून लिहिता येत नाही. आणि पुरी झाल्याशिवाय तुझ्या नावाचा दगड बसत नाही."

दगडाचं असं होतं की सरकारी विहिरीच्या तोंडाला साल आणि मिस्त्रीचं नाव कोरलेला एक दगड बसवायचा होता. सेहेचाळीस विहिरी बांधल्या, पण वाहेदचं नाव कुठंच नव्हतं. आपल्या गावात, आपल्या नावाचा दगड! माणूस शेवटी माणूस. चौथ्यांदा तो बोलला नाही. कुदळ घेऊन खाली उतरला.

तेहेतीस हातांवर चिकणीचा पट्टा फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळं पाणी खारं झालं होतं. चाळीस हात पुरे झाले, विहीर पुरी म्हणून लिहिली गेली, आणि दगडही बसला. बैलांना त्या पाण्यावर नेलं तर ते हुंगून मान फिरवायचे.

गाव म्हणालं, मिस्त्रीचा हात फिरला. वाहेदनं ते म्हणू दिलं. नशिबानं हात फिरला म्हटलं की लोक हळहळतात. माहीत असून खोदलं म्हटलं तर काय करतील, याचा विचार त्याला करवेना. फक्त सरवरीनं चुलीपुढं बसून एकदाच विचारलं, "तुमकू मालूम था क्या?" तो गप्प राहिला. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण त्या घरातलं हसणं तिथं संपलं.

ती नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणू लागली, दीड कोस जाऊन दीड कोस येऊन. तिच्याबरोबर शेजारची सोजराबाई असायची, कधी सोजराबाईचा नवरा कारभारी कावड घेऊन जायचा. चोवीसच्या उन्हाळ्यात झिरा आटत आटत डबक्यावर आला, आणि त्याच पाण्यातून पटकीची साथ गावात शिरली. दोन दिवसांत सरवरी गेली. तिसऱ्या दिवशी सोजराबाईचा कारभारी गेला.

वाहेदनं गावातलं घर सोडलं आणि त्या खाऱ्या विहिरीजवळ झोपडी घातली. सुतळ्या तेवढ्या बरोबर आणल्या. त्या दिवसापासून तो तेच पाणी पिऊ लागला. ज्यानं केलं त्यानं प्यावं, एवढाच त्याचा हिशोब. आधी उलट्या झाल्या, पोट बिघडलं, मग शरीर मुकाट झालं. विहिरीवर कुणी बोलवत नव्हतंच. कुणाची पडकी भिंत, कुणाचा ओटा, असं काहीबाही करून तो भाकरीपुरतं मिळवायचा. वाटेनं जाणारे म्हणायचे, "बरं हाय का मिस्त्री?" तो म्हणायचा, "हाव." कधी कधी दिवसभरात तोंडातून निघालेला तेवढाच एक शब्द असायचा. संध्याकाळी तो त्या दगडावर हात फिरवीत बसे. अक्षरं वाचता येत नव्हती, पण बोटांना त्यांची वळणं पाठ झाली होती. अशी दहा वर्षं गेली.

चौतीस साली नागपूरहून महादेवराव नावाचे एक रसायनवाले आले. चष्मा, खाकी टोपी आणि गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांची पेटी. सरकारनं विहिरींची चौकशी करायला कमिटी नेमली होती. इतक्या विहिरी काढल्या, मग लोक अजून ओरडतात काऊन, हे बारा-तेरा वर्षांनी का होईना कुणाच्या तरी मनात आलं होतं. महादेवराव गावोगाव पाणी बाटलीत भरायचे आणि त्यात चांदी विरघळवून केलेल्या औषधाचा थेंब टाकायचे. खारं पाणी असेल तर ताकासारखं पांढरं व्हायचं. गोडं असेल तर जरासं धुरकटून थांबायचं.

जुन्या विहिरींची माहिती कुणाला आहे, असं त्यांनी मोतीराम पाटलांना विचारलं. पाटलांनी झोपडीकडं बोट केलं आणि म्हणाले, "तो वाहेद. एका काळी त्याची जीभ तुमच्या थेंबावानीच होती, साहेब."

महादेवरावांना गंमत वाटली. त्यांनी पाच गावांचं पाणी पाच पेल्यांत ओतलं आणि म्हणाले, "सांगा मिस्त्री, गोडं कोणतं?"

वाहेदनं पहिला पेला तोंडात घेतला. डोळे मिटले. मग दुसरा, तिसरा. पाचही झाले. त्यानं पुन्हा पहिला उचलला. पाचही पेल्यांतलं पाणी सारखंच लागत होतं, म्हणजे कशासारखंच लागत नव्हतं. दहा वर्षांच्या खाऱ्या पाण्यानं जीभ खाऊन टाकली होती, आणि विचारणारं कुणी नसल्यामुळं हे त्याला आजवर कळलंही नव्हतं. घर गेलं होतं, बायको गेली होती. पण आपण पाण्याचे जाणकार आहोत, ही एक गोष्ट त्यानं आपल्यापाशी जपून ठेवली होती. तीही गेलेली पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाई समजत, साहेब," तो म्हणाला.

महादेवराव ओशाळले. कुठं पाहावं कळेना म्हणून त्यांनी वर पाहिलं, आणि आढ्याला टांगलेल्या सुतळ्या त्यांना दिसल्या. "हे काय?"

मग तीन दिवस झोपडीत दुसरं काम चाललं नाही. वाहेद सुतळी सोडायचा, गाव सांगायचा, गाठीगाठीवर बोट ठेवून माती सांगायचा, आणि महादेवराव टेप लावून वहीत उतरवायचे. सेहेचाळीस सुतळ्यांवर दुहेरी गाठ अठरा ते अठ्ठावीस हातांच्या आतच होती. महादेवरावांचा आवाज बदलत गेला. "मिस्त्री, जे शोधायला मला दहा वर्षं लागली असती ते तुम्ही आढ्याला टांगून ठेवलंय," ते म्हणाले. "आणखी आहे एखादी?"

"नाई," वाहेद म्हणाला. सत्तेचाळिसावी त्याच्या अंथरुणाखाली होती.

त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला, नाल्याच्या बाजूनं दुसरी सरकारी विहीर चालू होती. खामगावकडचे खोदणारे आले होते, नियम तोच, चाळीस हात. महादेवराव आले तेव्हा एकोणीस झाले होते. वाहेद रोज लांबून बाभळीखाली उभा राहून वर येणारी माती पाहायचा. मातीच्या रंगावरून त्याला कळत होतं की पाच-सात हातांत गोडं लागणार आणि हे लोक ते ओलांडून जाणार. तिथं जाऊन सांगण्याचा हक्क त्याला नव्हता. फिरलेल्या हाताच्या माणसानं दुसऱ्याच्या विहिरीच्या काठावरही जायचं नसतं.

"रिपोर्ट द्यायला मला सहा महिने लागतील," महादेवराव म्हणाले. "पण आठ दिवसांनी खामगावला कमिटी बसते आहे. तिथं मी बोलतो. तुम्ही सुतळ्या घेऊन या."

जलंबला गाडी बदलून वाहेद खामगावला गेला. मोतीराम पाटीलही गावाच्या वतीनं आले होते. लांब टेबलामागं चार साहेब बसले होते, भिंतीलगत सुतळ्यांचं गाठोडं घेऊन वाहेद. महादेवरावांनी वही उघडून सगळं सांगितलं. त्यावर विहिरींचं काम पाहणारे एक इंजिनियर उठले. माणूस दुष्ट नव्हता, त्याचा प्रश्नही बिनतोड होता.

"या सगळ्या विहिरी मिस्त्रीनं गोडं लागताच थांबवल्या," ते म्हणाले. "मग खाली गेलं असतं तर खारं लागलं असतं, हे कशावरून? कदाचित खाली अधिक गोडं असेल. मला एक विहीर दाखवा, जिथं वर गोडं लागलं, पुढं खोदलं आणि खारं झालं. एक. मी नियम बदलायला सही करतो."

महादेवरावांनी वहीची पानं उलटली. अशी विहीर वहीत नव्हती. अध्यक्ष साहेबांनी घड्याळ पाहिलं. आता उठणार, हे वाहेदला दिसलं. आवळखेडला त्या सकाळी तेवीस हात झाले होते.

तो उठला. अंगरख्याखाली कमरेला गुंडाळलेली सत्तेचाळिसावी सुतळी त्यानं सोडली आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर दुहेरी गाठ होती, आणि तिच्याखाली सात हातांवर एक काळी चिंधी बांधलेली होती.

"हे आमच्या गावची विहीर," तो म्हणाला. "इथं सव्वीस हातावर गोडं लागलं. इथं, चिंधीपाशी, खारं झालं. मीच खोदली."

"गोडं लागलं होतं, मग तुम्ही पुढं का खोदलं?" अध्यक्षांनी विचारलं.

वाहेदनं पाटलांकडं पाहिलं नाही. "कागदावर चाळीस होते," तो म्हणाला. "पन कागदाचं काय, साहेब. मले माहीत होतं. मी तीनदा सांगतलं. चौथ्यांदा सांगतलं असतं, कुदळ फेकून देली असती, तं कोन खोदनार होतं? मले नावाचा दगड पाहिजे होता. त्या पाण्यापायी माही बायको गेली. गावातला अजून एक मानूस गेला. मी कोनालेच सांगतलं नाई."

इंजिनियरनी सुतळी हातात घेतली, दुहेरी गाठीवरून, मग चिंधीवरून बोट फिरवलं आणि टेप मागितला. त्याच दुपारी चिठ्ठी निघाली की घाटाखालच्या या पट्ट्यात चालू असलेल्या विहिरी पहिलं गोडं पाणी लागताच थांबवाव्या. वर्षभरानं पक्का नियम छापून आला. दर दोन हातांना पाणी तपासावं, खोली आकड्यानं न ठरवता पाण्यावर ठरवावी, जुन्या खोदणाऱ्यांना विचारावं. त्यात 'स्थानिक माहितगारांच्या साक्षीवरून' असं एक वाक्य होतं. तो माहितगार म्हणजे वाहेद. नियमांत माणसांची नावं घालत नसतात.

परतीच्या गाडीत मोतीराम पाटील समोर बसले होते. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. गावात पोचल्यावर त्यांनी सांगायचं ते सांगितलं. वाहेदला ते दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण वाटेनं जाणाऱ्यांपैकी कुणीही "बरं हाय का मिस्त्री" म्हटलं नाही. दहा वर्षं त्याला वाटत होतं की आपण एकटे आहोत. खरा एकटेपणा काय असतो, ते त्याला त्या महिन्यात समजलं. सकाळी तो कुणी यायच्या वेळी झोपडीच्या दारात बसायचा, आणि पाऊलवाट रिकामी झाली की आत जायचा. "हाव" म्हणायचंही काम उरलं नव्हतं.

नाल्याकडची विहीर पंचवीस हातांवर थांबली. बांधकाम संपून ती उघडायचा दिवस आला तेव्हा सगळं गाव जमलं. वाहेद आपला बाभळीखाली, लांब. त्यानं हातात लोटा आणला होता, पण पुढं जायचा त्याचा विचार नव्हता. खामगावचे खोदणारे काम संपवून केव्हाच गेले होते. पहिली घागर वर आली आणि पहिला घोट कुणाचा, यावर लोक एकमेकांकडं पाहू लागले.

सोजराबाईनं ती घागर उचलली, कडेवर घेतली आणि सगळ्यांच्या देखत बाभळीकडं चालत आली.

"तुले माहीत होतं, हे मले पाटलानं सांगतलं," ती म्हणाली. "म्या महिनाभर तुले शिव्या देल्या."

"हाव," वाहेद म्हणाला.

"अजूनही पुऱ्या नाई झाल्या. पन हे तुह्या सुतळीची विहीर हाये. धर ओंजळ."

त्यानं ओंजळ धरली. तिनं वरून पाणी ओतलं. तो सकाळपासून उपाशी होता, कांदा नाही, विडी नाही, जुन्या सवयीनं. त्यानं डोळे मिटले आणि पाणी तोंडात धरून ठेवलं. गाव श्वास रोखून उभं होतं. जिभेला काहीच कळत नव्हतं. पाणी थंड होतं, एवढंच.

त्याला "बस" म्हणता आलं असतं, कुणाला शंकाही आली नसती. पण एकदा माहीत असून तो गप्प राहिला होता. आता माहीत नसताना बोलायचं नाही, हे त्यानं ठरवलं.

"माही जीभ गेली," तो मोठ्यानं म्हणाला. "पाटील, थेंब टाका."

महादेवरावांनी ठेवून दिलेली बाटली पाटलांनी कोटाच्या खिशातून काढली. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, थेंब टाकला. पाणी जरासं धुरकटलं आणि तसंच राहिलं. सोजराबाईनं ओंजळभर पाणी घेतलं, प्यायली, आणि पदरानं तोंड पुसलं. "गोड हाये," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मग कुणीतरी गूळ फोडला.

वाहेदनं आपला लोटा पुढं केला. तिनं तो काठोकाठ भरून दिला, कशाला हे विचारलं नाही. पाणी हिंदकळू नये म्हणून तो हळू चालत कबरस्तानात गेला. सरवरीच्या कबरीवर गवत वाढलं होतं. ते त्यानं हातानं उपटून बाजूला टाकलं, आणि डोक्याकडून पायाकडं बारीक धारेनं सगळं पाणी ओतलं. माती ते पीत गेली. लोटा रिकामा झाला तरी तो तिथंच बसून राहिला. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तेरा वर्षं उशीर झाला होता.

"हाँ, मालूम था," तो अखेर म्हणाला. मग थोड्या वेळानं, "ये मिठ्ठा है बोलते, सरवरी."